नवसागर आणि क्लोरीन : नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या अभ्यासाची प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नायट्रोजन ट्रायक्लोराइड या संयुगाच्या वाट्याला सहसा दोन-तीन ओळी येतात: पिवळसर रंगाचा तेलकट द्रव, झोंबणारा वास, उन्हाने किंवा धक्क्याने स्फोट होण्याची प्रवृत्ती, आणि शेवटी तो तयार करू नये अशी सूचना. या ओळींत चुकीचे काही नाही. परंतु त्या वाचून हा पदार्थ कोणी मुद्दाम तयार केल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही असा जो समज होतो, तो मात्र खरा नाही. क्लोरीन आणि अमोनिया, किंवा अमोनियाप्रमाणे हायड्रोजनशी जोडलेला नायट्रोजन बाळगणारा एखादा पदार्थ, जिथे जिथे पाण्यात एकत्र येतात तिथे तिथे, परिस्थिती अनुकूल असल्यास, हे संयुग आपोआप घडते. बंदिस्त जलतरण तलावाच्या हवेत ते असते, मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन काढणाऱ्या कारखान्यांत ते असते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन व अमेरिकेतील पिठाच्या गिरण्यांत तर ते वर्षानुवर्षे हेतुपुरस्सर तयार करून पिठात सोडले जात होते. म्हणूनच ते कसे तयार करावे या प्रश्नापेक्षा ते कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तयार होते आणि तयार झाल्यावर कुठे जाते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि प्रस्तुत ग्रंथाची मांडणी याच प्रश्नाभोवती केलेली आहे.

या संयुगाच्या रेणूत नायट्रोजनचा एक अणू क्लोरीनच्या तीन अणूंशी जोडलेला असतो. अमोनियाच्या रेणूतील हायड्रोजनचे तिन्ही अणू काढून त्यांच्या जागी क्लोरीनचे अणू बसवले तर जे मिळेल ते हे संयुग, आणि त्याचा आकारही अमोनियासारखाच, म्हणजे बसक्या पिरॅमिडसारखा असतो: पायाशी क्लोरीनचे तीन अणू, शिखरावर नायट्रोजन, आणि नायट्रोजनजवळ कोणत्याही बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. दोन बंधांमधील कोन सुमारे 107 अंश भरतो. द्रवाची घनता पाण्याच्या दीडपटीहून अधिक, मिलिलिटरला सुमारे 1.65 ग्रॅम इतकी असते. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, त्यामुळे पाण्याखाली पिवळ्या तेलाच्या थेंबांच्या रूपात बसतो, आणि बेंझीन, क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइड यांसारख्या द्रवांत मात्र सहज विरघळतो. त्याचा उकळबिंदू सुमारे 71 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे पाण्याच्या बराच खाली; साध्या तापमानालाही तो वेगाने वाफेत जातो, आणि या गुणालाच बाष्पनशीलता म्हणतात. उकळबिंदूच्या थोडे वर, सुमारे 93 ते 95 अंशांवर, त्याचा स्फोट होतो. उकळणे आणि फुटणे यांच्यात जेमतेम 20-25 अंशांचे अंतर असलेला द्रव ऊर्ध्वपातनाने शुद्ध करणे, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून गोळा करणे, किती धोक्याचे असेल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

स्फोटाचे मूळ शोधायचे तर बंधांच्या बळाकडे पाहावे लागते. बंध तोडण्यासाठी जितकी ऊर्जा लागते तितके त्याचे बळ मानले जाते, आणि या मोजपट्टीवर नायट्रोजन व क्लोरीन यांच्यातील बंध अत्यंत दुबळा, दर मोलला सुमारे 200 किलोजूल इतकाच आहे (मोल हे पदार्थातील रेणूंची संख्या मोजण्याचे एकक होय). उलट, हे संयुग मोडल्यावर जो नायट्रोजन वायू सुटतो त्याच्या रेणूतील दोन अणूंमधला तिहेरी बंध रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक असून त्याचे बळ सुमारे 945 किलोजूल भरते. ट्रायक्लोराइडचे दोन रेणू मोडून नायट्रोजनचा एक आणि क्लोरीनचे तीन रेणू तयार होतात, तेव्हा सहा दुबळे बंध तुटतात आणि त्यांच्या जागी एक अतिबळकट व तीन मध्यम बंध येतात. या देवघेवीत ट्रायक्लोराइडच्या दर मोलमागे सुमारे 230 किलोजूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. शिवाय द्रवाचे एकदम वायूंत रूपांतर होत असल्यामुळे त्याचे आकारमान, ते वायू साध्या तापमानाला थंड झाले असे धरले तरी, सुमारे साडेसहाशे पटींनी वाढते, आणि प्रत्यक्ष स्फोटाच्या क्षणी ते तापलेले असल्याने ही वाढ त्याहून पुष्कळ मोठी असते. तुलनेसाठी नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचे उदाहरण घेता येईल. नायट्रोजन आणि फ्लोरीन यांच्यातील बंध त्यामानाने बळकट असल्यामुळे ते संयुग घटक मूलद्रव्यांपासून तयार होताना उष्णता बाहेर टाकते आणि नंतर शांतपणे राहते. उद्योगांत ते सिलिंडरमध्ये भरून वापरले जाते. एकाच कुळातील ही दोन संयुगे स्वभावाने इतकी भिन्न असावीत हे पाहिले की केवळ सूत्र पाहून गुणधर्म ओळखण्याची सवय किती अपुरी आहे हे लक्षात येते.

तरीही ऊर्जेचा हिशेब एवढेच सांगतो की हे संयुग मोडणे फायद्याचे आहे. ते केव्हा मोडेल हे तो सांगत नाही. थंड, अंधाऱ्या जागी आणि स्वच्छ भांड्यात शुद्ध द्रव काही काळ टिकतो, कारण मोडण्याची क्रिया सुरू होण्यासाठीही थोडी ऊर्जा आधी पुरवावी लागते. उन्हाचा एक किरण, काचेवर उरलेला तेलाचा किंवा ग्रीसचा अंश, टर्पेंटाइनचा थेंब, रबराचा तुकडा, एखादा हलका धक्का यांपैकी काहीही ती पुरवू शकते. सेंद्रिय पदार्थ, म्हणजे कार्बनयुक्त तेले, मेदे आणि त्यांसारखी द्रव्ये, विशेष घातक ठरतात, कारण ट्रायक्लोराइड त्यांचे क्लोरिनीकरण करू लागते आणि त्या क्रियेची उष्णताच स्फोटाला पुरेशी होते.

नायट्रोजन ट्रायक्लोराइडचा शोध लागला तो काळही ध्यानात घेण्यासारखा आहे. क्लोरीन वायू शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1774 मध्ये प्रथम वेगळा केला होता, परंतु तो ऑक्सिजनचे एखादे संयुग असावे अशी समजूत पुढे अनेक वर्षे टिकून राहिली, आणि तो स्वतंत्र मूलद्रव्य असल्याचे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांनी 1810 मध्ये ठामपणे मांडले. क्लोरीन खरोखर मूलद्रव्य असेल तर इतर मूलद्रव्यांशी त्याची साधी संयुगे मिळाली पाहिजेत, आणि अशा संयुगांच्या शोधाला त्या वर्षांत धार आलेली होती. पॅरिसमध्ये प्येर लुई द्यूलाँ यांनी 1811 मध्ये नवसागराच्या, म्हणजे अमोनियम क्लोराइडच्या, विद्रावातून क्लोरीन वायू सोडला आणि तळाशी जमलेले पिवळे तेल हाती घेतले. त्या तेलाच्या स्फोटाने त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि हातही जायबंदी झाला. त्यांनी काम सोडले नाही. बरे झाल्यावर ते पुन्हा त्याच पदार्थाकडे वळले, आणि त्यांचा निबंध 1813 मध्ये प्रसिद्ध झाला. हेच द्यूलाँ पुढे 1819 मध्ये अलेक्सी पेती यांच्यासह घन मूलद्रव्यांच्या विशिष्ट उष्णतेविषयीच्या नियमाने अजरामर झाले. त्या नियमाच्या नावात त्यांचे नाव आजही भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असते, पण ज्या संयुगासाठी त्यांनी डोळा दिला त्याच्याशी ते नाव क्वचितच जोडले जाते.

नायट्रोजन आणि क्लोरीन यांच्या या स्फोटक संयुगाची बातमी डेव्ही यांना आंद्रे-मारी अँपिअर यांच्या पत्रातून 1812 मध्ये कळली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असतानाही विद्वानांची पत्रे अशी इकडून तिकडे जात होती, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी वाटते. पत्रात तयार करण्याची रीत नव्हती, तेव्हा डेव्ही यांनी ती स्वतः शोधून काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एका स्फोटात काचेचा तुकडा उडून त्यांच्या डोळ्याला इजा झाली. काही दिवस लिहिणे-वाचणे अशक्य झाल्यामुळे त्यांना टिपणे घेण्यासाठी मदतनीस हवा होता, आणि त्या थोड्या दिवसांच्या कामासाठी त्यांनी बोलावलेला तरुण म्हणजे पुस्तकबांधणीची उमेदवारी नुकतीच संपवलेला मायकेल फॅरडे होय. मार्च 1813 मध्ये फॅरडे यांची रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रीतसर नेमणूक झाली, आणि पुढच्याच महिन्यात तोंडावर काचेचे मुखवटे चढवून गुरू-शिष्य याच द्रवावर काम करीत होते. एका प्रसंगी फॅरडे यांच्या बोटांत धरलेली काचेची नळी फुटून हात जखमी झाला आणि नखाचा तुकडा निघाला. फॅरडे यांच्या कारकिर्दीचे श्रेय या संयुगाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण डेव्ही यांच्या व्याख्यानांची त्यांनी काढलेली सुबक टिपणे आधीच डेव्हींच्या हाती पडलेली होती. तथापि प्रयोगशाळेतील त्यांचे पहिले धडे या पिवळ्या तेलाच्या सान्निध्यात गिरवले गेले हे खरे आहे.

इतक्या अस्थिर पदार्थाचे वजन करून त्याचे घटक मोजणे साहजिकच कठीण होते, आणि त्याचे नेमके सूत्र पुढे अनेक दशके अनिश्चित राहिले. नवसागराच्या विद्रावातून मिळणाऱ्या कच्च्या द्रवात नायट्रोजनच्या एका अणूला क्लोरीनचे तीन अणू जोडलेल्या रेणूंबरोबर कमी क्लोरीन असलेले रेणूही मिसळलेले असत, त्यामुळे प्रत्येकाचे विश्लेषण वेगळे येई. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लुडविग गाटरमान यांनी 1888 मध्ये कच्च्या द्रवावरून पुन्हा क्लोरीन सोडून त्याचे क्लोरिनीकरण पूर्ण केले, शुद्ध पदार्थ मिळवला आणि तीन क्लोरीन व एक नायट्रोजन हे प्रमाण निश्चित केले. पूर्वीच्या अनेक 'विनाकारण' स्फोटांमागे प्रकाश होता हेही त्यांनी ओळखले. ढगाळ दिवशी निर्विघ्न पार पडलेला प्रयोग ऊन पडताच का उधळतो, या कोड्याचा उलगडा त्यातून झाला.

सूत्र निश्चित झाल्यावर एक अधिक सूक्ष्म प्रश्न पुढे आला. नायट्रोजन आणि क्लोरीन यांच्या बंधातील इलेक्ट्रॉन कोणाकडे झुकलेले असतात? विद्युत्ऋणता, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची क्षमता, पाउलिंग यांच्या मापनश्रेणीत नायट्रोजनसाठी 3.04 आणि क्लोरीनसाठी 3.16 अशी, म्हणजे जवळजवळ सारखीच आहे. केवळ या आकड्यांवरून निकाल लागत नाही. पाण्याशी होणारी क्रिया मात्र स्पष्ट साक्ष देते. फॉस्फरस ट्रायक्लोराइड पाण्यात घातले तर क्लोरीन हायड्रोजनशी जोडला जाऊन हायड्रोक्लोरिक अम्ल तयार होते आणि फॉस्फरसकडे ऑक्सिजन जातो. नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या बाबतीत नेमके उलट घडते: हायड्रोजन नायट्रोजनकडे जाऊन अमोनिया होतो आणि क्लोरीनच्या वाट्याला पाण्यातील ऑक्सिजन येऊन हायपोक्लोरस अम्ल, म्हणजे विरंजक चूर्णाला त्याचा निर्जंतुक करण्याचा गुण देणारे अम्ल, तयार होते. याचा अर्थ क्रिया करताना या संयुगातील क्लोरीन धनभारित असल्यासारखा वागतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्यम नॉइस यांनी 1901 मध्ये क्लोरीन आणि अमोनिया यांच्या क्रियेच्या अभ्यासातून असाच निष्कर्ष काढला, आणि इलेक्ट्रॉन-बंधाची कल्पना अजून धड आकाराला आलेली नसताना 'धन क्लोरीन' ही कल्पना मांडण्याचे धाडस केले. पुढील सर्व प्रकरणांची किल्ली या एका गुणात आहे. धनासारखा वागणारा क्लोरीन इलेक्ट्रॉनांच्या शोधात असतो. तो पिठातील रंगद्रव्यावर, गव्हाच्या प्रथिनावर, डोळ्यांच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर सारख्याच आवेशाने तुटून पडतो.

संयुगाची निर्मिती पाण्यात टप्प्याटप्प्याने होते. क्लोरीन पाण्यात गेला की हायपोक्लोरस अम्ल होते, आणि ते अमोनियाच्या हायड्रोजनांच्या जागी एकेक करून क्लोरीन बसवत जाते: पहिल्या टप्प्यात मोनोक्लोरामाइन, दुसऱ्यात डायक्लोरामाइन, तिसऱ्यात ट्रायक्लोरामाइन. हे शेवटचे नाव नायट्रोजन ट्रायक्लोराइडचेच असून पाणीशुद्धीकरणाच्या क्षेत्रात तेच अधिक वापरले जाते. क्रिया कोणत्या टप्प्यावर थांबेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट सामू, म्हणजे पाणी अम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे दाखवणारा अंक. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात मोनोक्लोरामाइनचे प्राबल्य असते, अम्लता वाढत जाईल तसे डायक्लोरामाइन वाढते, आणि सामू चारच्या खाली गेला की ट्रायक्लोराइडला मोकळे रान मिळते. नवसागराचा विद्राव क्लोरीनमुळे स्वतःच अम्लधर्मी होत जातो, म्हणूनच द्यूलाँ यांच्या भांड्यात ते तेल जमले. दुसरी गोष्ट म्हणजे अमोनियाच्या तुलनेत क्लोरीन किती आहे. थोडा क्लोरीन घातला तर तो सगळा अमोनियाशी बांधला जातो. आणखी घालत गेले की एका मर्यादेनंतर तयार झालेली क्लोरामाइने आपसात क्रिया करून मोडू लागतात, नायट्रोजन वायू निघून जातो आणि पाण्यातील एकूण क्लोरीन वाढण्याऐवजी घटतो. वजनाच्या हिशेबाने अमोनियातील नायट्रोजनच्या सुमारे 7.6 पट क्लोरीन घातल्यावर ही घट तळाला पोचते, आणि त्यापुढे घातलेला क्लोरीन मुक्त राहतो. या तळालाच भंगबिंदू म्हणतात. भंगबिंदूच्या पलीकडे मुक्त क्लोरीन मुबलक असल्यामुळे सामू सात-साडेसात असूनही थोडे ट्रायक्लोराइड तयार होत राहते, ही बाब सामूच्या नियमावरच विसंबणाऱ्यांच्या नजरेतून सुटते.

जलतरण तलावाचे उदाहरण येथेच लागू पडते. पोहणाऱ्यांच्या घामातून आणि मूत्रातून युरिया पाण्यात येतो. त्याच्या रेणूत हायड्रोजनशी जोडलेले नायट्रोजनचे दोन अणू असतात, आणि मुक्त क्लोरीन त्यांवर सावकाश क्रिया करून अखेर ट्रायक्लोराइड व कार्बन डाय-ऑक्साइड देतो. तिन्ही क्लोरामाइनांपैकी पाण्यात राहण्याची ओढ सर्वांत कमी ट्रायक्लोराइडला असते; मोनोक्लोरामाइनपेक्षा ते शेकडो पटींनी अधिक बाष्पनशील आहे, त्यामुळे पाणी ढवळले गेले, उडाले, फेसाळले की ते लगेच हवेत येते. त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे चौपट जड असल्याने, वायुवीजन नीट नसेल तर, ती पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे पोहणारा जिथे श्वास घेतो नेमक्या त्याच पट्ट्यात रेंगाळते. ज्याला लोक क्लोरीनचा वास म्हणतात तो बहुतांशी या संयुगाचा वास असतो, आणि तो तलाव स्वच्छ असल्याची खूण नसून पाण्यात नायट्रोजनयुक्त मळ साचल्याची खूण असते. चुरचुरणारे डोळे, घशातील खवखव, तलावावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या प्रशिक्षकांना आणि जीवरक्षकांना होणारा दम्यासारखा त्रास यांचा संबंध या वाफेशी जोडला गेला असून, जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त तलावांच्या हवेसाठी घनमीटरमागे 0.5 मिलिग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचवलेली आहे. तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ करावी, ही पाटीवर लिहिलेली आणि सहसा दुर्लक्षिली जाणारी सूचना रसायनशास्त्राच्या दृष्टीने या समस्येवरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या रसायनशास्त्राचा सौम्य भाग गावच्या विहिरीवरही भेटतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल, म्हणजे विरंजक चूर्ण, मिसळतो आणि नंतर ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतो. हा रंग तत्काळ उमटला तर तो मुक्त क्लोरीनचा असतो. सावकाश गडद होत गेला तर पाण्यातील क्लोरीनचा काही भाग अमोनियाशी बांधला जाऊन क्लोरामाइनांच्या रूपात आहे असे समजावे. विहिरीचे पाणी सहसा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असल्यामुळे तिथे ट्रायक्लोराइडची भीती बाळगण्याचे कारण नाही, आणि या ग्रंथाच्या वाचनाने पाण्याच्या क्लोरिनीकरणाविषयी कोणाच्या मनात संशय उत्पन्न झाला तर ते मोठेच दुर्दैव ठरेल, कारण निर्जंतुक न केलेल्या पाण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आणि रोजचा आहे. काळजी घ्यायची ती स्वच्छतागृहात: मूत्राचा अमोनिया जिथे साचलेला आहे तिथे विरंजक चूर्ण भरपूर टाकणे, किंवा त्यावरच अम्लयुक्त द्रव ओतणे, म्हणजे क्लोरामाइने आणि क्लोरीन वायू यांना बंद खोलीत आमंत्रण देणे होय.

कारखान्यांतील धोका वेगळ्या जातीचा असतो. मिठाच्या संपृक्त पाण्यातून वीज सोडून क्लोरीन मिळवला जातो, आणि त्या मिठात किंवा पाण्यात अमोनियाचा अंश असेल तर विद्युत्अग्राजवळील अम्लधर्मी, क्लोरीनने भरलेल्या पाण्यात ट्रायक्लोराइडला हवी ती सगळी परिस्थिती तयारच असते. खाणीतील मीठ काढताना वापरलेल्या अमोनियम नायट्रेटच्या सुरुंगांचा अवशेष, मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून घातलेले फेरोसायनाइड, आणि थंड करण्यासाठी वापरलेल्या पाण्यातील अमोनिया ही नायट्रोजनच्या प्रवेशाची नेहमीची दारे आहेत. क्लोरीनमध्ये दशलक्ष भागांत काही मोजके भाग ट्रायक्लोराइड असले तर ते निरुपद्रवी असते. अडचण येते ती द्रवरूप क्लोरीन पुन्हा वायूत रूपांतरित करताना, कारण क्लोरीनचा उकळबिंदू उणे 34 अंश आहे आणि ट्रायक्लोराइडचा अधिक 71. क्लोरीन भराभर उडून जातो आणि मागे उरलेल्या द्रवात ट्रायक्लोराइडचे प्रमाण वाढत जाते. ज्या भांड्यातून सतत वरचा वायू काढला जातो आणि तळ कधीच पूर्ण रिकामा केला जात नाही, त्या भांड्यात हे प्रमाण महिनोन्‌महिने वाढत राहू शकते. क्लोर-अल्कली उद्योगातील अनेक स्फोटांचे कारण हेच आढळले आहे. पाणीपुरवठा केंद्रांत 'टनर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे 900 किलो क्लोरीन मावणाऱ्या टाक्या कारखान्यात परत आल्यावर त्या रिकाम्या करून आतून तपासण्याची आणि धुण्याची जी शिस्त पाळली जाते, तिचे महत्त्व केवळ गंजापुरते मर्यादित नाही. मिठाच्या पाण्यातील अमोनिया आधीच काढून टाकणे, क्लोरीनवर अतिनील प्रकाश पाडून ट्रायक्लोराइड सौम्य अवस्थेतच मोडणे, गरम धातूच्या पृष्ठभागावरून ते नेणे असे निरनिराळे उपाय वापरात आहेत, आणि त्या सर्वांचे सूत्र एकच आहे की या पदार्थाला एके जागी जमू द्यायचे नाही.

हे सूत्र पूर्णपणे पाळूनही एखादा उपयोग वेगळ्याच दिशेने अंगाशी येऊ शकतो, याचे उदाहरण पिठाच्या गिरणीत सापडते. गव्हाचे ताजे पीठ किंचित पिवळे असते आणि त्याचा पाव नीट फुगत नाही. काही आठवडे साठवून ठेवले तर हवेतील ऑक्सिजनमुळे रंगद्रव्य फिके होते आणि ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारे गव्हातील प्रथिन, अधिक बळकट होते. साठवणुकीचा हा खर्च वाचवण्यासाठी 1920च्या दशकात 'एजीन' नावाची प्रक्रिया अमेरिकेत पुढे आली. गिरणीतच अमोनियम क्लोराइडच्या विद्रावातून क्लोरीन सोडायचा, तयार होणारे ट्रायक्लोराइड तेलाच्या रूपात जमण्याआधीच हवेच्या झोताने उचलायचे, आणि अत्यंत विरळ अवस्थेत ती हवा पिठातून न्यायची, अशी तिची रीत होती. ज्या पदार्थाने द्यूलाँ यांचा डोळा घेतला तो पदार्थ अशा रीतीने रोज टनावारी पिठावर वापरला गेला, आणि स्फोटाच्या दृष्टीने ही प्रक्रिया सुरक्षित होती. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पांढऱ्या पिठाचा बहुतांश भाग एजीनने प्रक्रिया केलेला असे.

त्याच वर्षांत कुत्र्यांमध्ये एक चमत्कारिक आजार दिसत होता. कुत्रा एकाएकी घाबरल्यासारखा सैरावैरा धावू लागे, भुंकत भिंतींवर आदळे आणि शेवटी झटके येऊन कोसळे. संसर्ग, जंत, जीवनसत्त्वांची उणीव अशी अनेक कारणे सुचवली गेली. मुडदूस हा विकार आहारातील उणिवेमुळे होतो हे पूर्वी दाखवून दिलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ एडवर्ड मेलॅनबी यांनी 1946 मध्ये असे सिद्ध केले की एजीनने प्रक्रिया केलेले पीठ आहारात मोठ्या प्रमाणात दिलेल्या कुत्र्यांना हे झटके येतात आणि प्रक्रिया न केलेले तेच पीठ दिल्यास येत नाहीत. माणसांत असा परिणाम आढळला नव्हता. तरीही जे अन्न दुसऱ्या एका सस्तन प्राण्याच्या मेंदूवर आघात करते ते रोजच्या पावात ठेवण्याचे कोणतेही समर्थन उरले नाही. अमेरिकेत 1949 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1955 अखेर ही प्रक्रिया बंद झाली, आणि तिची जागा क्लोरीन डाय-ऑक्साइडने घेतली. या दोन तारखांमधील अंतर समजून घेता येते, पण समर्थनीय वाटत नाही.

विषारी द्रव्य नेमके कोणते, हे 1949-50च्या सुमारास ब्रिटिश संशोधकांनी शोधून काढले. गव्हाच्या प्रथिनात मेथिओनीन हे गंधकयुक्त ॲमिनो अम्ल असते, आणि ट्रायक्लोराइडच्या क्रियेने त्याच्या गंधकावर ऑक्सिजनचा आणि नायट्रोजनचा एकेक अणू येऊन बसतो. या नव्या पदार्थाला मेथिओनीन सल्फॉक्सिमीन म्हणतात. म्हणजे गिरणीतील नवसागरातला नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या वाटेने थेट प्रथिनातील गंधकापर्यंत पोचला होता. शरीरात हे द्रव्य ग्लुटामीन सिंथेटेज या विकराला, म्हणजे अमोनियाला ग्लुटामिक अम्लाशी जोडून निरुपद्रवी करणाऱ्या जैविक उत्प्रेरकाला, इतके घट्ट चिकटते की तो कायमचा निकामी होतो, आणि मेंदूतील अमोनियाचा निचरा बिघडतो. अमोनियापासून निघालेली ही साखळी अशा रीतीने पुन्हा अमोनियापाशीच येते, आणि तिचा प्रत्येक दुवा प्रयोगाने पडताळलेला असल्यामुळे या ग्रंथातील पिठाविषयीचे प्रकरण सर्वांत विस्तृत झाले आहे.

मेथिओनीन सल्फॉक्सिमीनचा प्रवास तिथे संपला नाही. नेमका एकच विकर बंद पाडणारे द्रव्य संशोधकाच्या दृष्टीने मौल्यवान असते, आणि वनस्पती, जीवाणू व मेंदू यांतील नायट्रोजनच्या चयापचयाच्या अभ्यासात त्याचा आजही उपयोग होतो. औषधनिर्मितीत प्रतिपिंडे, म्हणजे रोगकारक घटक ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने, मोठ्या प्रमाणावर तयार करण्यासाठी चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशापासून वाढवलेल्या पेशी वापरल्या जातात. त्या पेशींत हव्या त्या प्रतिपिंडाच्या जनुकाबरोबर ग्लुटामीन सिंथेटेजचे जनुक जोडून घातले जाते, आणि मग संवर्धनाच्या द्रवात मोजके मेथिओनीन सल्फॉक्सिमीन मिसळले जाते. ज्या पेशींत ही जनुकांची जोडी जोमाने काम करते त्याच पेशी त्या द्रवात तग धरतात, आणि त्यांतूनच उत्पादनासाठी पेशींचा वंश निवडला जातो.